न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला मोटरहोम घेऊन फिरलो, गाडी कशी होती ते सविस्तर

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. गाडीला पाचातले चार, कंपनीच्या ऑफिसला अडीच, आणि गाडीतल्या बेडला एकसुद्धा नाही. बेडचं एवढं काय घेऊन बसलीये असं वाटेल, पण माझं मत विचाराल तर मोटरहोम बुक करताना सगळ्यात आधी बेड बघायचा, इंजिन नाही, मॉडेलचं वर्ष नाही, टीव्ही आहे का ते तर अजिबातच नाही. लोक गाडी भाड्याने घेतोय या हिशोबाने बघतात, खरं तर आपण वन आरके भाड्याने घेत असतो, आणि वन आरके बघताना काय बघतो? झोपायचं कुठे, ओटा केवढा, पाणी किती वेळ, संडास कसा. तेच बघायचं.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. तिकडे बऱ्याच कंपन्या आहेत, मोठ्यांचे डेपो क्राइस्टचर्च एअरपोर्टच्या आसपासच, आणि गाड्याही त्याच त्याच, मर्सिडीज स्प्रिंटर नाहीतर फोक्सवॅगन क्राफ्टर नाहीतर फियाट डुकाटो, मागे घर बांधलेलं. आमची टू बर्थ होती, म्हणजे दोन माणसांची, ऑटोमॅटिक, डिझेल, लांबी सातेक मीटर, आत हे सहा फुटी आहेत तरी ताठ उभे राहू शकत होते. आत शॉवर आणि टॉयलेट एकाच कपाटाएवढ्या खोलीत.

आम्ही दोघंच, डोंबिवलीचे, पन्नाशी कधीच ओलांडलेले. बुकिंग मुलीने बंगलोरहून करून दिलं. गेलो मार्चमध्ये. तिकडे मार्च म्हणजे उन्हाळा सरत आलेला, डिसेंबर-जानेवारीत त्यांच्या शाळांना सुट्ट्या असतात तेव्हा भाडी आभाळाला भिडतात, मार्चला जरा खाली येतात आणि कॅम्पसाइटला जागाही मिळते. फक्त एक, इन्स्टाग्रामवर तलावाच्या काठाला जांभळी-गुलाबी लुपिनची फुलं दिसतात ना, ती नोव्हेंबर-डिसेंबरची. मार्चमध्ये तिथे नुसते वाळलेले दांडे.

आता लायसन्स. आपलं महाराष्ट्राचं स्मार्ट कार्ड इंग्रजीत असतं त्यामुळे तेवढ्यावर चालतं, डेपोतल्या बाईने कार्ड बघितलं, फोटो काढला, झालं. गाडी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, सगळं आपल्यासारखंच. युरोपातून, अमेरिकेतून आलेल्या लोकांची तिथे पहिले दोन दिवस तारांबळ उडते, आपल्याला ते टेन्शन नाही. हे तर तीस वर्षं मुंबई-गोवा हायवेवर गाडी चालवलेले, त्यामुळे इतके मोकळे रस्ते बघून आधी संशयच आला यांना, की आपण बंद रस्त्यावर तर नाही ना शिरलो.

खायचं सामान नेणाऱ्यांसाठी. एअरपोर्टला फॉर्मवर सगळं लिहायचं, म्हणजे सगळं, अगदी पर्समधलं बडीशेपेचं पाकीट पण. न सांगता काही सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड, आपले वीस हजार रुपये. लिहिलेलं असेल तर फार तर वस्तू काढून घेतात, दंड नाही. आम्ही कंपनीच्या पॅकिंगमधला गोडा मसाला, हळद, तिखट आणि पोहे नेले होते, अधिकाऱ्याने पाकिटं उलटीपालटी करून बघितली आणि जाऊ दिली. कढीपत्ता, फळं, घरचं तूप, हे न्यायच्या भानगडीतच पडू नका. क्राइस्टचर्चला इंडियन स्टोअर्स आहेत, डाळ-तांदूळ-आटा सगळं मिळतं, आणि बाकी भाजी, दूध, अंडी पॅक अँड सेव्हमधून घ्या, तिथे सगळ्यात स्वस्त पडतं. आणि हे सगळं क्राइस्टचर्चलाच भरून घ्या कारण पुढे टेकापो या तलावाकाठच्या गावाला पोचलात की त्याच टोमॅटोचा भाव बघून पोटात गोळा येतो.

डेपोचा अनुभव सांगते. गाडी ताब्यात देताना एका टॅबवर व्हिडिओ लावून दिला, वीस मिनिटांचा असेल, मग एक मुलगा आला, त्याने भराभर सगळी बटणं दाखवली, हे हीटर, हे पंप, हे गॅस, काही प्रश्न? आपल्याला प्रश्न काय पडणार, अजून काही वापरलंच नाहीये. मग इन्शुरन्स. साध्या भाड्यात असं असतं की काही नुकसान झालं तर पहिले अमुक हजार डॉलर तुमचे, आमच्या करारात तो आकडा ७,५०० होता. तो शून्यावर आणायचा तर दिवसाला वेगळे पैसे. आम्ही घेतला, घ्याच असं सांगेन, पण त्यातही छत आणि गाडीचा पोटाखालचा भाग वगळलेला होता, हे करारात बारीक अक्षरात असतं आणि काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. म्हणजे झाडाची फांदी वर घासली तर तुम्ही आणि तुमचं नशीब. अडीच मार्क त्यासाठी. शिवाय निघताना विचारलं की गाडीचा आतला गॅस बंद करायचा नॉब कुठे आहे, तर त्या मुलालाच शोधावा लागला.

आता बेड. आमच्या गाडीत मागे यू आकाराचा सोफा, मध्ये टेबल. वेबसाइटवरच्या फोटोत फार देखणं दिसतं, तीन बाजूंना काचा, बाहेर तलाव, टेबलावर वाइनचे दोन ग्लास. रात्री झोपायचं झालं की काय करायचं, तर टेबलाचा पाय उपटायचा, टेबल खाली करून सोफ्याच्या कडांवर टेकवायचं, पाठीला लावायच्या गाद्या काढून मधल्या खड्ड्यात जुळवायच्या, त्यातली एक कायम उरते ती कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही, मग त्यावर चादर खोचायची, चादर खोचायला गाडीत जागा नाही त्यामुळे बेडवर गुडघ्यावर बसून ज्या चादरीवर आपण बसलोय तीच खोचायची, मग दुलया. आणि एवढं करून कमरेखाली दोन गाद्यांच्या मधली फट येतेच. सकाळी सगळं उलट्या क्रमाने, कारण बेड मोडल्याशिवाय चहा प्यायला बसायला जागाच नाही. बाहेर पाऊस असला की एकाने बाथरूममध्ये उभं राहायचं आणि दुसऱ्याने बेड मोडायचा, दोघं एका वेळी मावत नाहीत. मला स्लिप डिस्कचा जुना त्रास, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हे म्हणाले अगं तू बाहेर खुर्ची टाकून बस, मी करतो, आणि खरंच शेवटपर्यंत यांनीच केलं, तेवढं श्रेय देते.

तर बुक करताना फ्लोअर प्लॅन बघा, दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन असतात, दोन्ही बघा. ज्यात बेड कायमचा घातलेला आहे ती गाडी घ्या. काहींमध्ये मागे आडवा बेड असतो, काहींमध्ये छतातून बटणाने खाली येतो तो पण चालेल. आणि दोघांना टू बर्थच हवी असं काही नाही. एका कॅम्पसाइटला शेजारी एक ऑस्ट्रेलियन म्हातारं जोडपं होतं, ते दोघंच असून कायम फोर बर्थ घेतात, एक बेड पहिल्या दिवशी घातला की परत करेपर्यंत तसाच, आणि पुढचं टेबल बसायला मोकळं. भाडं थोडं जास्त, गाडी थोडी लांब, पार्किंगला जरा त्रास, पण पाठ वाचते. मला तरी हिशोब पटला. फक्त वजन बघा, गाडी साडेतीन टनाच्या वर गेली की तिची स्पीड लिमिट १०० ऐवजी ९०.

किचनला पूर्ण मार्क. दोन-तीन गॅसच्या शेगड्या, छोटं सिंक, फ्रिज बऱ्यापैकी मोठा, कप्प्यांना खटक्याची कुलपं म्हणजे वळणावर भांडी बाहेर येत नाहीत. भांडीकुंडी ते देतात पण सगळी त्यांच्या पद्धतीची, कढई नाही, पोळपाट-लाटणं तर सोडाच. मी घरून छोटी लोखंडी कढई, सांडशी आणि तीन लिटरचा कुकर नेला होता, कुकरने जीव वाचवला कारण गॅसही कमी लागतो. आतले प्लग पॉइंट फक्त पॉवर्ड साइटला, म्हणजे कॅम्पसाइटवर विजेचा पॉइंट असलेल्या जागेला, वायर जोडलीत तरच चालतात, एरवी मोबाइल चार्जिंगपुरतं यूएसबी. म्हणजे किटली, मायक्रोवेव्ह, मिक्सर हे सगळं पॉवर्ड साइटच्या दिवशी. व्होल्टेज आपलंच आहे, पिन वेगळी, तिरक्या पायांची, ॲडॉप्टर इथूनच न्या.

पण फोडणी! शेगडीच्या बरोबर वर नाही, जरा बाजूला, स्मोक अलार्म बसवलेला. पहिल्याच संध्याकाळी वरणाला फोडणी दिली, मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली आणि तो जो बोंबलायला लागला, एवढ्याशा गाडीत कानठळ्या बसल्या. हे टॉवेल घेऊन वारा घालतायत, मी दार उघडतेय, शेजारच्या गाडीतला माणूस बाहेर येऊन बघतोय की आग लागली की काय. नंतर पद्धत ठरली, फोडणीच्या आधी छतावरची खिडकी पूर्ण वर, दार उघडं, पंखा चालू, आणि मिरची गॅस बंद केल्यावर टाकायची. अलार्म काढून ठेवायचा नाही, तसला शहाणपणा करू नका, झोपायची खोली आणि गॅस एकाच ठिकाणी आहे.

दुसरी गोष्ट मासे. पुकाकी तलावाच्या टोकाला हायवेवरच माउंट कुक अल्पाइन सॅल्मनचं दुकान आहे, तिथल्या वीजप्रकल्पाच्या कालव्यांतल्या थंड वाहत्या पाण्यात हा मासा वाढवतात. दुकानात कच्चे पातळ काप सोया सॉसबरोबर खातात लोक, समोर निळाजर्द तलाव आणि ढग नसतील तर मागे माउंट कुक. आम्ही एक तुकडा तसा खाल्ला, बरा लागला, उरलेला घेऊन संध्याकाळी हळद-तिखट-मीठ-लिंबू लावून रव्यात घोळवून तळला. फार तेल सुटतं त्याला, रावसाची सर नाही, पण चव छान. फक्त गाडीच्या आत तळू नका हो. ज्या गाद्यांवर बसून खाल्लं त्याच गाद्यांवर झोपायचं असतं, वास दोन दिवस गेला नाही. हॉलिडे पार्कच्या, म्हणजे पैसे भरून राहायच्या सोयीच्या कॅम्पसाइटच्या, कॉमन किचनमध्ये नेऊन तळा, सगळीकडे मोठाले ओटे आणि शेगड्या असतात.

आता ज्या विषयावर कोणी नीट बोलत नाही तो. टॉयलेटच्या खाली एक कॅसेट असते, प्लॅस्टिकची चपटी टाकी, बाहेरून एक झाकण उघडलं की ती सुटकेससारखी ओढून काढता येते, हँडल आहे, चाकं पण आहेत. ती डंप स्टेशनवर नेऊन ओतायची, नळीने दोनदा विसळायची, थोडं पाणी आणि टॉयलेटचं केमिकल टाकून परत बसवायची. पाच मिनिटांचं काम. गावोगावी डंप स्टेशन आहेत, बरीचशी फुकट, कॅम्परमेट नावाचं ॲप आहे त्यात सगळी दिसतात, कॅम्पसाइट, पाणी, पेट्रोल पंप पण. आमच्याकडे यावर बरीच चर्चा झाली. हे म्हणाले गाडी मी चालवतोय, बेड मी घालतोय, म्हणजे हे काम तुझ्याकडे यायला हवं. मी म्हटलं अहो, तीनदा स्वयंपाक कोण करतंय? शेवटी हातमोजे घालून यांनीच केलं आणि मग इतके सराईत झाले की दुसऱ्या एका नवख्या माणसाला डंप स्टेशनवर उभं राहून शिकवत होते. आमचा नियम असा झाला की मोठं काम शक्यतो पब्लिक टॉयलेटला, तिकडची पब्लिक टॉयलेट्स लहानात लहान गावातसुद्धा स्वच्छ आणि पेपर असलेली, आणि गाडीतलं फक्त रात्रीपुरतं. वापरलेल्या पाण्याची टाकी वेगळी, ती पण तिथेच सोडायची. चांगल्या पाण्याची टाकी शॉवर घेतलात तर दोन दिवसांत संपते, बादलीवाल्या माणसांची जास्त टिकते.

हे टॉयलेट एवढं महत्त्वाचं का, तर तिकडे रस्त्याकडेला वाटेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही. २०२३ मध्ये कायदा बदलला, आता जिथे फुकट थांबायला परवानगी आहे तिथल्या बहुतेक जागांना गाडी सेल्फ कंटेंड लागते, म्हणजे टॉयलेट गाडीला कायमचं बसवलेलं, सीटखालून ओढून काढायचं पोर्टेबल चालत नाही, आणि त्याचं हिरवं वॉरंट, म्हणजे तपासणी झाल्याचं स्टिकर, काचेवर लागतं. ते नसेल तर दंड शेकड्यात, तोही डॉलरमध्ये. काही स्वस्त व्हॅन दिसायला गोंडस असतात पण त्यात ही सोय नसते, मग रोज पैसे भरून कॅम्पसाइट घ्यावी लागते, स्वस्त पडायचं बाजूलाच. क्वीन्सटाउनला तर हिरवं वॉरंट असूनही गावात थांबायचे वांधेच, तिथे सरळ हॉलिडे पार्क घ्या. क्वीन्सटाउनबद्दल एवढंच, गर्दी, महाग, पार्किंग मिळत नाही.

आम्ही एक रात्र पॉवर्ड साइट, एक रात्र डॉकची साइट असं आलटून पालटून केलं. डॉक म्हणजे त्यांचं सरकारी वनखातं धरा. त्यांच्या कॅम्पसाइटला लाइट नाही, कधी फक्त टॉयलेट आणि पाणी, पण जागा अशा की पंचतारांकित हॉटेलवाल्यांनी लाळ गाळावी. माउंट कुकच्या पायथ्याचं व्हाइट हॉर्स हिल हे त्यातलं एक नंबर. दार उघडलं की समोर बर्फाची भिंत, रात्रीतून मधूनच गडगडाट होतो, मी घाबरून उठले तर तो वर कुठेतरी बर्फ कोसळल्याचा आवाज. तिथूनच कीया पॉइंटचा सोपा वॉक आहे, जाऊन-येऊन तासभर, आमच्या वयाच्या गुडघ्यांना झेपणारा, टोकाला म्युलर ग्लेशियरचा तलाव दिसतो. माउंट कुकची उंची ३,७२४ मीटर, तिकडचे लोक त्याला आओराकी म्हणतात. एडमंड हिलरी या डोंगरांमध्येच तयार झाले, गावात त्यांचा पुतळा आहे डोंगराकडे बघत असलेला. हेच हिलरी १९८५ ते १९८९ दिल्लीत न्यूझीलंडचे हाय कमिशनर होते, हे यांना माहीत होतं, मला नव्हतं.

टेकापोला रात्री उठून बाहेर आलंच पाहिजे. तो सगळा पट्टा २०१२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा खाली वळवलेले. आमचे हे कॉलेजात असताना आकाशदर्शनाला वांगणीला जायचे, त्यांना वाटलं आपण सगळं ओळखू, पण मृग चक्क उलटा! व्याध वर, मृगाचे पाय वर, डोकं खाली. अगस्ती, जो आपल्याकडे दक्षिणेला खाली दिसतो, तो तिथे जवळजवळ डोक्यावर. आणि त्रिशंकू तर एवढा ठसठशीत की मलासुद्धा ओळखता आला. थंडी मात्र मार्चमध्येही होती, स्वेटर, टोपी, वर दुलई. गाडीतला डिझेल हीटर इथे उपयोगी पडला, दहा मिनिटांत उबदार, आवाज जरा घर्र घर्र, पण त्याला पूर्ण मार्क.

रस्त्यांबद्दल. गुगल जेवढा वेळ दाखवतं त्यात पाव भाग मिळवा. दोनशे किलोमीटरच्या वर एका दिवसात ठेवू नका, सतत वळणं, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणतंच थांबव ना, फोटो. मागे गाड्या साठल्या की स्लो व्हेइकल बे येतो तिथे बाजूला घ्यायचं, न घेतलं तर मागचे लोक स्टार ५५५ ला फोन करून पोलिसांकडे तक्रार करतात, टुरिस्टांच्या गाड्यांबद्दल तर हमखास. हॉर्न वाजवत नाहीत कोणी, थेट फोन.

वन लेन ब्रिज हा प्रकार समजून घ्या. मोठ्या हायवेवरसुद्धा मध्येच एकेरी पूल येतो, बोर्डावर दोन बाण असतात. गोल लाल बोर्ड आणि आपल्या दिशेचा बाण लहान लाल असेल तर आपण थांबायचं, निळ्या चौकोनात आपला बाण मोठा पांढरा असेल तर आपण आधी, तरी समोर बघूनच. हास्ट नदीवरचा तर ७३७ मीटर लांब, देशातला सगळ्यात लांब एकेरी पूल, मध्ये बाजूला घ्यायला जागा केल्यात. आपल्याकडे हा पूल असता तर दोन्ही बाजूंनी गाड्या घुसून मध्यात बसलो असतो, तिथे माणसं शांतपणे थांबतात आणि जाताना हात दाखवतात. हे दोन दिवसांत हात दाखवायला शिकले आणि मग पुलावर नसलेल्यांनाही दाखवत सुटले.

गाडीची रुंदी लक्षात येत नाही ही खरी अडचण. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला डावीकडची कडा दिसत नाही, त्यामुळे माझं काम दिवसभर एकच, अहो झाड, अहो पाटी, अहो कठडा. रिव्हर्स कॅमेरा होता पण छत कोण बघणार, मी खाली उतरून मागे उभी राहायची. कँटरबरीच्या मैदानात वारा सुटला की उंच गाडी हलते, साठ-सत्तरवर यायचं, लाजायचं नाही.

मिलफर्ड साउंडला, म्हणजे कड्यांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीला, स्वतः गाडी नेऊ की ‘ते आनाऊ’ या गावात ठेवून बसने जाऊ यावर आमचा वाद झाला. शेवटी नेली. ‘ते आनाऊ’ला टाकी फुल करा, पुढे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आणि मोबाइलला रेंजही नाही. होमर टनेल १.२ किलोमीटरचा, १९३५ मध्ये बेकारांना काम म्हणून खणायला घेतला आणि गाड्यांसाठी खुला व्हायला १९५४ उजाडलं, आत भिंती उघड्या खडकाच्या आणि बोगदा चक्क उताराला. बाहेर सिग्नलला थांबलो तर कीया आले. कीया म्हणजे डोंगरात राहणारे मोठे हिरवे पोपट, दिसायला गरीब, वृत्तीने गुंड. एक बॉनेटवर बसला, आमच्याकडे बघितलं, मान वाकडी केली आणि वायपरचं रबर ओढायला लागला. हे काचेवर आतून टकटक करतायत, त्याला काडीचा फरक नाही, दुसरा वर छतावर गेला, त्या छतावरच्या खिडकीच्या रबराला लागला असणार कारण आतून करकर ऐकू येत होतं. छत इन्शुरन्समध्ये नाही हे मला तेव्हाच आठवलं. सिग्नल हिरवा झाला तसे उडाले. त्यांना खायला घालायचं नाही, मनाई आहे, आणि घातलंत तर ते गाडी सोडतच नाहीत.

मिलफर्डला वर्षाला सहा मीटरच्या वर पाऊस पडतो, आम्हालाही पडला, आणि पडला तेच बरं झालं कारण कड्यांवरून जिथे बघाल तिथे धबधबे. बोटीचं तिकीट आधी काढा. बाहेर चिलटं मात्र भयंकर, सँडफ्लाय म्हणतात, डास परवडले असं होतं, वाऱ्यात नसतात पण थांबलात की घोटे फोडून काढतात. गाडीचं दार उघडं ठेवू नका, जाळीचं दार लावा, आमच्या गाडीची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती, तिला मी सेफ्टी पिना लावल्या.

परतीला वेस्ट कोस्टने वर येऊन आर्थर्स पासच्या घाटाने क्राइस्टचर्च. फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ हे ग्लेशियर बघायची फार हौस होती, पण ते आता इतके मागे सरकलेत की लांबूनच बघायचे, हेलिकॉप्टरचे पैसे नसतील तर फार अपेक्षा ठेवू नका. त्यापेक्षा लेक मॅथेसनला पहाटे जा. त्या घाटातला ओटिराचा चढ-उतार गाडीला जड जातो, गिअर मॅन्युअलवर टाकून हळूहळू.

एका हॉलिडे पार्कच्या किचनमध्ये ऑकलंडला राहणारं नाशिकचं एक कुटुंब भेटलं, मी पिठलं करत होते, त्यांची मुलगी वासावरून आईला ओढत घेऊन आली. ते लोक दर वर्षी मोटरहोमने फिरतात आणि त्यांनीच सांगितलं की गाडी परत करायच्या आदल्या रात्री डेपोच्या जवळचाच पार्क घ्या, सकाळी टाक्या रिकाम्या करून, झाडून-पुसून, डिझेल भरून द्यायची असते, त्यात दोन तास सहज जातात.

पैशांचं. भाडं आणि इन्शुरन्स धरून आम्हाला दिवसाला साधारण २५० डॉलर पडले, डॉलरला पन्नास रुपये धरा. वर डिझेल, वर कॅम्पसाइट. हॉटेल आणि कार घेतली असती तर थोडंफार तेवढंच झालं असतं, वाचलं ते जेवणाचं, बाहेर जेवायला दोघांना साठ-सत्तर डॉलर सहज लागतात. म्हणजे स्वस्त पडतं म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. रोज रात्री गरम वरणभात आणि खिडकीबाहेर तलाव हवा असेल तर घ्या. गुडघे-कंबर फारच धरलेली असेल, किंवा दोघांपैकी एकालाच गाडी चालवता येते आणि त्याला चालवायचा कंटाळा असेल, तर बस टूर घ्या.

परत करतानाचं बिल मात्र नीट वाचा. पंपावर डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त दिसतं, आपण खुश होतो, पण तिकडे डिझेल गाड्यांचा रस्ता कर डिझेलमध्ये धरलेला नसतो, तो किलोमीटरवर असतो, साडेतीन टनापर्यंतच्या गाड्यांना १,००० किलोमीटरला ७६ डॉलर. कंपनी तो शेवटी मीटर बघून लावते आणि वर स्वतःचं थोडं घालते. क्रेडिट कार्ड वापरण्याचा वेगळा सरचार्ज. फाटलेल्या जाळीचे पैसे आमच्याकडे मागितले, ते मात्र दिले नाहीत, गाडी घेताना मी मोबाइलवर आतून-बाहेरून अख्खा व्हिडिओ काढून ठेवला होता, त्यात फाटकी जाळी स्वच्छ दिसत होती, दाखवला तसा काउंटरवरचा माणूस गप्प बसला. छतावर कीयाच्या चोचीच्या खुणा होत्या की नाही ते त्याने शिडी लावून बघितलं नाही आणि आम्हीही विषय काढला नाही. डिपॉझिट कार्डवर आधी कापून घेतलं होतं, ते परत यायला तीन आठवडे लागले, आणि कापताना डॉलरचा भाव एक, परत येताना दुसरा, मध्ये बँकेचे चार्जेस, असं करत चार हजार रुपयांच्या आसपास कमीच आले. कार्ड फॉरेक्स मार्कअप नसलेलं न्या.